पल्सरला जुनी कोण म्हणतं?

यमुनानगरच्या आमच्या घराच्या जिन्याखाली पाच वर्षं एक मोटरसायकल उभी होती. २००२ सालची पल्सर १५०, काळी, गोल हेडलाइटची. पप्पांची. २०१९ च्या पावसाळ्यात ती बंद पडली. मी नुकताच हिंजवडीत नोकरीला लागलो होतो आणि घरात नवी स्कूटर आली होती. "बघू पुढच्या रविवारी" म्हणता म्हणता गाडीवर आधी ताडपत्री आली, मग रद्दी, मग गणपतीच्या मखराच्या फळ्या.

२०२४ च्या दिवाळीत साफसफाई करताना आईने विचारलं, "भंगारवाल्याला बोलावू का रे?" पप्पा काहीच बोलले नाहीत. पेपर वाचत बसले. तो पेपर कालचा होता. त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली, धुतली आणि मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं की ही रिस्टोअर करतोय.

उत्तरं लगेच आली. "पल्सर कोण रिस्टोअर करतं?" "जावा असती तर गोष्ट वेगळी." "एवढ्या पैशात आरएक्स हंड्रेड शोध ना भावा."

मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. जुन्या गाड्यांच्या हौसेत मानाच्या जागा आधीच वाटून झाल्यात. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा-येझदी, १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं बनलेली आरएक्स १००. या गाड्यांना 'क्लासिक' म्हणतात, पल्सरला 'सेकंडहँड' म्हणतात. गंमत म्हणजे यातली एकही गाडी आमच्या गावची नाही. पल्सर आमची आहे. ती बनली चाकणला, घरापासून तासाभराच्या अंतरावर. गाडी खोलता खोलता मला कळत गेलं, की तिचा इतिहास म्हणजे आमच्या पट्ट्याचाच इतिहास आहे. आणि तो जुना व्हायला लागलाय, हे अजून आमच्या लक्षात आलेलं नाही.

नंबर लागेपर्यंत

सुरुवात आकुर्डीपासून करावी लागते. बजाज ऑटोची मूळ कंपनी १९४५ ची, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची. १९४८ पासून ती बाहेरून दुचाक्या-तीनचाक्या आणून विकायची. इथे गाड्या बनवायचा सरकारी परवाना मिळाला १९५९ मध्ये आणि १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासून होता, पण बाकी सगळी गावंच होती. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. म्हणजे इथे कारखाना आधी आला आणि शहर त्याच्या मागून.

आकुर्डीत बनायची ती इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावरची व्हेस्पा. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची स्कूटर 'चेतक' या नावाने आली. पुढची काही वर्षं चेतक हवी असेल तर नंबर लावून थांबावं लागायचं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. लोकांनी आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट पाहिली. लग्न ठरायच्या आधी बुक केलेली स्कूटर मूल शाळेत जायला लागल्यावर दारात यायची.

या टंचाईबद्दल आपण नेहमी चेष्टेने बोलतो. पण तिने एक गोष्ट घडवली. जी वस्तू दहा वर्षं थांबून मिळाली, ती बिघडली म्हणून कोणी टाकत नाही. क्लचची केबल बदलणं, प्लगचा कार्बन घासणं, बंद स्कूटर एका बाजूला तिरकी करून पुन्हा किक मारणं, हे सगळं घरातल्या माणसाला यायचं. त्याच्या पलीकडचं काम करणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत तयार झाला.

दुसरी गोष्ट कारखान्याने घडवली. कोणतीही कंपनी गाडीचे सगळे भाग स्वतः बनवत नाही. एक स्कूटर बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे शेकडो छोटे भाग असतात: बुश, पिना, स्प्रिंगा, वॉशर, रबरं, पत्र्याचे तुकडे. ते बनवणारी लहान वर्कशॉप भोसरीत, चिंचवडला, पुढे तळवड्यात आणि चिखलीत उभी राहिली. दोन लेथ, एक ड्रिल, एक प्रेस आणि चार माणसं. मोठ्या कंपनीचं काम घेणाऱ्याचं काम घेणारे, असे थरावर थर. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आलेली आयटीआयची पोरं आधी या वर्कशॉपमध्ये चिकटायची आणि 'कंपनीत' कधी घेतील याची वाट बघायची.

माझे पप्पा त्यातलेच. ट्रेड टर्नर. १९९१ मध्ये गावाहून आले आणि भोसरीच्या एका शेडमध्ये लेथवर उभे राहिले. 'कंपनीत' ते कधीच लागले नाहीत.

जपानी गाड्या आणि भीती

ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी कंपन्यांशी हातमिळवणीला वाट मोकळी केली आणि १०० सीसीच्या चार जपानी घराण्यांच्या गाड्या ओळीने आल्या: १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. बजाजने त्याच सुमारास औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना काढला होता. पण कंपनीचा जीव स्कूटरमध्येच होता, आणि स्कूटर खपतही होती. १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात अजून आपल्या आईवडिलांना पाठ आहे.

मग नव्वदचं दशक आलं. परवान्यांचं राज्य गेलं. चार स्ट्रोकची मोटरसायकल लिटरमागे जास्त चालते, हे लोकांना पटत गेलं. खेडेगावातल्या रस्त्यावर स्कूटरच्या छोट्या चाकांपेक्षा मोटरसायकलची मोठी चाकं बरी पडायची. धुराचे नियम कडक होत गेले तसं टू-स्ट्रोक इंजिन अडचणीत आलं, कारण त्यात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. दशक संपता संपता देशात स्कूटरपेक्षा मोटरसायकली जास्त विकल्या जाऊ लागल्या. २००१ मध्ये हीरो होंडा जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली. चाळीस वर्षं ज्यांच्या दारात रांग होती, त्यांच्यावर गिऱ्हाईक शोधायची वेळ आली.

पल्सर त्या भीतीतून जन्मली. चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर १५० आणि १८० बाजारात आल्या. त्याआधी कंपनीच्या मोटरसायकलींच्या टाकीवर कावासाकीचं नाव असायचं. पल्सरवर ते नव्हतं. बाहेरच्या रूपासाठी टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेची मदत घेतली होती, पण इंजिन आणि गाडी उभी केली ती इथल्या इंजिनिअरांनी. १५० ला बारा हॉर्सपॉवर, १८० ला पंधरा. मायलेजच्या हिशेबात अडकलेल्या बाजारात ती मुद्दाम दांडगी दिसणारी गाडी होती. १९९९ च्या हीरो होंडा सीबीझेडने असं गिऱ्हाईक आहे हे दाखवून दिलं होतं. पल्सरने ते गिऱ्हाईक तालुक्याच्या गावापर्यंत नेलं.

पहिल्या पल्सरचं हे रूप फार टिकलं नाही. २००३ मध्येच डीटीएस-आय आली. सिलिंडरच्या डोक्यात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. दोन्हीकडून पेटल्यामुळे ज्वाळेला कमी अंतर कापावं लागतं आणि इंधन लवकर, नीट जळतं. गोल हेडलाइट गेला, त्याच्यावर छोटा मुखवटा आला. याच दोन प्लगच्या पेटंटवरून पुढे बजाज आणि टीव्हीएस यांच्यात मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. म्हणजे ज्या गावात इटलीची स्कूटर परवान्यावर बनायची, तिथली कंपनी आता आपल्या शोधाच्या मालकीसाठी कोर्टात उभी होती. मधे तीस-पस्तीस वर्षं होती.

आमच्या गाडीला एकच प्लग आहे. ती या दोन काळांच्या मधल्या दीड-दोन वर्षांतली.

खोलल्यावर

घरातलं गॅरेज म्हणजे आमचं पार्किंगच. एक बल्ब, पप्पांची पान्यांची पेटी, रॉकेलऐवजी डिझेलने भरलेला एक ट्रे, आणि सुटे नट-बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे डबे. प्रत्येक डब्यावर मी लेबल लावलं, प्रत्येक वायरचा फोटो काढला. पप्पा हसले. "एवढं लिहून ठेवतोस, हात कधी लावणार?"

टाकी आतून गंजली होती. आत व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मूठभर नट टाकून हलवलं, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवलं, कारण ओली राहिली तर तासाभरात पुन्हा गंज धरतो. कार्ब्युरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजले होते. सीटखाली उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. इंजिन उघडलं तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. बोअर करण्याशिवाय इलाज नव्हता.

नवीन शहरातल्या मुलाला हे कुठे करायचं असा प्रश्न पडला असता. इथे मला फक्त ॲक्टिव्हाच्या डिकीत सामान टाकून फिरायचं होतं. सिलिंडर भोसरीत एका काकांकडे, जे तीस वर्षं फक्त बोअरिंग करतात. चेसीस पावडर कोटिंगला. हँडल आणि सायलेन्सरचा पाइप प्लेटिंगला. वायरिंग आणि रबरं पुण्यात नाना पेठेतून. जुना मीटर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून, तिसऱ्या रविवारी मिळाला. एका ठिकाणी डुप्लिकेट पिस्टन गळ्यात पडला, तो काकांनी मायक्रोमीटर लावून दोन मिनिटांत ओळखला आणि परत पाठवला.

त्या काकांनी मला एक हिशेब करायला लावला. या गाडीच्या नावात १५० असलं तरी बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५६.४, म्हणजे १४३.९ सीसी. अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन बसवल्यावर ती १४६ च्या थोडी वर गेली. "बघ," काका म्हणाले, "म्हातारपणी नावाला जागतीये."

एका मोटरसायकलीसाठी सात-आठ दारं फिरलो आणि प्रत्येक दारात एकच काम आयुष्यभर केलेला माणूस भेटला. घरी गाडी दुरुस्त करतो असं आपण म्हणतो, पण ती घरात दुरुस्त होत नाही. ती आजूबाजूच्या वीस किलोमीटरमध्ये दुरुस्त होते. साठ वर्षांपूर्वी कंपनीसाठी जे थरावर थर उभे राहिले, त्यांच्याच उरलेल्या वेळात माझी पल्सर बसली.

उठत चाललेली दारं

हे किती दिवस चालेल, ते मला माहीत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. दोन हजारांहून जास्त कामगारांचा प्रश्न होता. आमच्या शाळेत ज्यांचे वडील 'बजाजमध्ये' होते, ती पोरं तेव्हा अचानक गप्प झाल्याचं मला आठवतं. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यात जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जवळजवळ पन्नास दिवस संप झाला. कामगारांच्या मागण्यांत एक वेगळी मागणी होती: कंपनीचे शेअर नाममात्र किमतीत द्या. संप त्या मागणीशिवायच मिटला. गाडी आपण बनवतो, मग कंपनीचा थोडा भाग आपलाही असावा, एवढंच ते म्हणणं होतं. मला ती मागणी आता जास्त समजते.

चाकण तोवर पार बदललं होतं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार, एवढीच या गावाची जुनी ओळख. आता तिथे फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आले. बजाजच्या चाकणमधूनच ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या आणि पुढे ब्रिटिश ट्रायम्फच्या मोटरसायकली बाहेर पडू लागल्या. आकुर्डीही रिकामी राहिली नाही; जून २०२२ मध्ये तिथे इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. पण बॅटरीच्या गाडीत पिस्टन नाही, रिंगा नाहीत, कार्ब्युरेटर नाही. भोसरीच्या बोअरिंगवाल्या काकांचा मुलगा बँकेत आहे.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी गेली. चिखलीजवळची ही भंगाराची वस्ती. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांतून जे निघतं ते बरंचसं तिथे जायचं, आणि ज्याला जुना भाग हवा तो तिथे जाऊन शोधायचा. महापालिकेने काही दिवसांत चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली. कारणं खोटी नव्हती: बांधकामं अनधिकृत होती, आगी लागायच्या, धूर आणि घाण इंद्रायणीपर्यंत जायची. मी त्याआधीच्या जानेवारीत तिथून मागच्या चाकाचा हब आणला होता. मार्चमध्ये साइड पॅनेलसाठी गेलो तेव्हा तिथे विटांचे ढीग आणि एक मोकळं मैदान होतं. नदी वाचावी असं मलाही वाटतं. पण ज्या शहराला आपल्या जुन्या वस्तू ठेवायला जागा उरत नाही, त्याला दुरुस्ती कशी सुचणार, हा प्रश्न त्या मैदानात उभं राहिल्यावर पडला.

मूळ म्हणजे काय

सुरुवातीला मला ही गाडी कॅफे रेसर करायची होती. हँडल खाली, सीट सपाट, मागचा मडगार्ड कापून टाकायचा, सायलेन्सर आखूड. इन्स्टावर अशा पल्सर भरपूर दिसतात. मग कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसऱ्या बाजूला २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत, ते पन्नास वर्षांपुढच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी. पल्सर मधेच लटकते. व्हिंटेज व्हायला आमच्या गाडीला २०५२ उजाडेल. तोवर ती सरकारदरबारी फक्त पंधरा वर्षं उलटून गेलेली गाडी आहे: दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर, आणि उशीर झाला तर महिन्यागणिक दंड.

मला थांबवलं ते मात्र कायद्याने नाही. मागच्या चाकाच्या दोन बेअरिंगांमध्ये एक नळी असते, स्पेसर म्हणतात तिला. कुदळवाडीच्या हबमधली गंजून गेली होती आणि मापाची कुठे मिळेना. दिसायला साधी नळी, पण तिची लांबी चुकली की एक्सलचा नट आवळताना बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि चाक जड फिरतं. पप्पांनी ती गंजलेली नळी हातात घेतली, वर्निअर लावला आणि म्हणाले, "चल."

आम्ही भोसरीत त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये गेलो. पप्पांची स्वतःची शेड केव्हाच बंद झाली; सीएनसी मशिनं आली तेव्हा मालकाला कर्ज झेपलं नाही, आणि पप्पा पुढे एका सोसायटीत सुपरवायझर झाले. लेथला हात लावून त्यांना बारा वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा पुसला, जॉब चकमध्ये धरला, टूल लावलं. पाऊण तासात नळी तयार झाली. माप मिलिमीटरच्या दहाव्या भागातही चुकलं नव्हतं.

परत येताना मी विचारलं, "पप्पा, तुम्ही तेव्हा काय बनवायचा?"

"असेच बुश, स्पेसर. कुठे जायचे ते मालकाला माहीत. आमच्याकडे ड्रॉइंग यायचं, त्यावर नुसता नंबर."

"पल्सरचे असतील?"

"असतीलही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून तर घेतली होती गाडी. वाटायचं, असेल यात आपलं काहीतरी."

सतरा वर्षं ते त्या गाडीवर फिरले आणि हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मडगार्ड कापायचा विषय संपला. गोल हेडलाइट ठेवला, सीट तीच, रंग तोच काळा. लोक विचारतात, गाडी पूर्ण ओरिजिनल आहे का? पिस्टन नवा आहे, वायरिंग नाना पेठेतलं आहे, मीटर जुन्या बाजारातला, हब एका पाडलेल्या वस्तीतला. आणि मागच्या चाकात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पप्पांच्या हातची एक नळी आहे. ती तरी नक्की त्यांचीच, हे आता आम्हाला माहीत आहे.

फेरनोंदणीच्या दिवशी तपासणी करणाऱ्या साहेबांनी चेसीस नंबर बघितला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पप्पांना विचारलं, "काका, एवढा खर्च कशाला केलात? नवी आली असती."

पप्पा म्हणाले, "नवी येईल की. ही कुठून येणार?"

मग त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली.